पाळणाघराची फी कोणाच्या खिशातून?

बडोद्यात गेले काही महिने एकच वाद मी वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. मांजलपूरमधल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तर त्यावर पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त वेळ गेला. तळमजल्यावरच्या एक काकू कित्येक वर्षं घरातच पाळणाघर चालवतात. त्यांनी जूनपासून फी साडेतीन हजारांची साडेचार हजार केली आणि दोन तट पडले. एक तट म्हणतो, घरबसल्या आठ मुलांचे छत्तीस हजार, ना दुकानाचं भाडं, ना पावती, ही सरळ लूट आहे. दुसरा तट काकूंच्या बाजूचा, पण त्याचं म्हणणं काय, तर त्या आईच्या मायेनं सांभाळतात, मायेत कसले पैसे मोजता! माझं काम हिशेबाचं. दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या, डबे करणाऱ्या बायकांच्या वह्या लिहून देते. त्या नजरेनं पाहिलं तर दोन्ही तट एकाच जागी घसरतात: पालकाच्या खात्यातून जाते तेवढी रक्कम काकूंच्या पदरात पडते, असं धरून ते बोलतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. साडेचार हजार ही फी कमी आहे. आणि साडेचार हजार ही फी त्यांच्याकडे मूल ठेवणाऱ्या निम्म्या घरांना परवडत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि हा व्यवहार फक्त दोन घरांमधला राहील तोवर ते खरंच राहणार.

अशा एका पाळणाघराची वही माझ्याकडे येते. शाळेची दोनशेपानी वही. डावीकडे मुलांची घरातली नावं, पुढे तारखांचे रकाने, मूल आलं त्या दिवशी बरोबरची खूण. खरा धंदा मात्र मागच्या पानांवर पेन्सिलीनं लिहिलेला असतो: ‘छोटू – डायपर दोन आपले वापरले’, ‘परी – न्यायला सव्वाआठ’, ‘पाचशे बाकी, दिवाळीनंतर देते म्हणाली’. ही बाकी वसूल झाल्याची नोंद मला क्वचितच सापडते. रोज संध्याकाळी ज्या मुलीच्या हातात तिचं मूल द्यायचं, तिच्याकडे पाचशे रुपये मागायला जीभ रेटत नाही, असं त्या बाई सांगतात. वाण्याची जीभ बरोबर रेटते, कारण वाण्याला कोणी मावशी म्हणत नाही.

आता छत्तीस हजारांचं काय होतं ते पाहू. आकडे घरागणिक बदलतील, सांगाडा हाच राहील. आठ जागांपैकी एक जवळजवळ नेहमी रिकामी असते: कोणाची बदली होते, कोणाची आजी गावाहून येते, कोणी बालवाडीत जाऊ लागतं. म्हणजे हाती येतात साडेएकतीस हजार. एकटीनं आठ मुलं सांभाळता येत नाहीत, एकाचा लंगोट बदलेपर्यंत दुसरं खिडकीच्या गजावर चढलेलं असतं, म्हणून हाताखाली बाई लागते. तिचे नऊ हजार धरा. खिचडी, दूध, केळी, गॅस मिळून चार हजार. वीज, फिनेल, साबण, धुण्याची पावडर यांचे अडीच हजार. गाद्यांचे अभ्रे, मोडलेली खेळणी, दर दोन वर्षांनी भिंतींना रंग, यांचे महिन्याला हजार. उरले पंधरा हजार. साडेआठला पहिलं मूल येतं आणि सातला शेवटचं जातं, असे महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे दोनशे त्र्याहत्तर तास. तासाला पंचावन्न रुपये. त्यांच्या हॉलचं भाडं यात धरलेलंच नाही. दुसऱ्या बाजूनं पाहा: मूल रोज दहा तास राहतं असं धरलं, तर पालकाला एक तास पडतो साधारण सतरा रुपयांना. या दोन आकड्यांमध्ये लूट कुठे बसते ते मला कोणीतरी दाखवावं.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती सुट्ट्यांवरून. आपल्याकडे दिवाळी म्हणजे लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, बाजार आणि कित्येक कारखाने बंद. मूल घरी, मग पूर्ण महिन्याची फी का? मे महिन्यात मूल पंधरा दिवस आजोळी, मग निम्मी का नको? काम नाही तर दाम नाही, हा न्याय ऐकायला सोपा आहे आणि रोजंदारीला तो लागूही पडतो. पण पालक दिवस विकत घेतच नाही, तो जागा धरून ठेवतो. लाभपाचमेला मूल परत येईल तेव्हा त्याची गादी तिथे हवी, मधल्या दिवसांत ती दुसऱ्याला देता येत नाही. हाताखालच्या बाईचा पगार दिवाळीत थांबत नाही, उलट बोनस द्यावा लागतो. आणि हेच पालक दहावीच्या गणिताच्या क्लासला जूनमध्ये वर्षाचे पैसे एकरकमी मोजतात, पोरानं निम्मे दिवस दांडी मारली तरी क्लासवाल्याकडे कपात मागत नाहीत. शाळेच्या फीतून मे महिना कोणी वजा केला आहे का? क्लासच्या सरांना जो नियम न बोलता लागू होतो तो पाळणाघराच्या काकूंशी वाद घालून ठरतो, याचं कारण हिशेबात सापडणार नाही, ते आपल्या नजरेत आहे.

मात्र या बाबतीत पालकांचंही एक म्हणणं रास्त आहे. काकूंच्या घरी लग्न निघालं आणि पाळणाघर आठ दिवस बंद राहिलं, तर ते पैसे त्यांनी घेऊ नयेत. पालकाला रजा टाकावी लागते, तीही बिनपगारी असू शकते. वर्षाच्या सुरुवातीला इतक्या सुट्ट्या आमच्या, त्यापुढच्या कापा, असं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या तर निम्मी भांडणं मिटतील. राहता राहिली अस्मानी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कारेलीबागेकडच्या एका ताईंच्या पाळणाघरात कमरेएवढं पाणी होतं. गाद्या, फ्रीज, खेळण्यांचं कपाट, सगळं गेलं. पुढच्या महिन्यात एका पालकानं सहा दिवसांचे पैसे कापून उरलेले गूगल पे केले. त्याच्या कंपनीनं त्या दिवसांचा त्याचा पगार कापला नव्हता, हे तोच वर सांगत होता. पुराचा भार दोघांनी निम्मा निम्मा उचलावा, असं माझं मत. पण ज्याला त्या दिवसांचे पैसे मिळाले त्यानं, जिचं घर बुडालं तिचे कापावेत, याला व्यवहार म्हणायला मी तयार नाही.

मग फी वाढते तरी का? टीव्ही स्वस्त झाला, फोनवर बोलणं स्वस्त झालं, मूल सांभाळणं का होत नाही? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बाउमोल यांनी १९६० च्या दशकात याचं उत्तर वाद्यवृंदाच्या उदाहरणानं दिलं: चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागायचा तितकाच आजही लागतो, पण बाहेरच्या जगात पगार वाढत गेले, त्यामुळे वादकांनाही वाढवून द्यावंच लागतं. बडोदेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली तेव्हा विलंबित ख्यालाला जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो. कोयलीच्या रिफायनरीत नवी यंत्रं आली की तेवढ्याच माणसांत उत्पादन वाढतं. दीड वर्षाच्या मुलाला भरवण्याचं तसं कोणतं यंत्र आहे? बाईला मांड्या दोन, हात दोन. तेवढ्यावर कमाई वाढवायची तर मार्गही दोनच: फी वाढवा किंवा मुलं वाढवा.

आणि इथेच विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, तो टाळून चालणार नाही. ते विचारतात, फी वाढली म्हणून सांभाळ सुधारतो याची हमी काय? बडोद्यात कोणीही उद्या दाराबाहेर ‘घोडियाघर’, म्हणजे गुजरातीत पाळणाघर, अशी पाटी लावू शकतं. एका दहा बाय बाराच्या खोलीत चौदा मुलं, समोर दिवसभर कार्टून, दुपारी सगळ्यांना एका ओळीत झोपवलेलं, असं दृश्य मी स्वतः पाहिलं आहे, आणि तिथली फी इतरांपेक्षा कमी नव्हती. मुद्दा खरा आहे. पण त्यावरून फी दाबून ठेवा हा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. फी दाबली की बाई मुलं वाढवते, दुसरं तिच्या हातात काही नाही. आठाची चौदा झाली की छत्तीस हजारांचे त्रेसष्ट होतात आणि खर्च मात्र त्या मानानं वाढत नाही. म्हणजे स्वस्तात मूल ठेवणाऱ्या पालकाला जे पैसे वाचल्यासारखे वाटतात ते त्याचं मूलच भरत असतं, मिळायचं होतं त्याच्या निम्म्या लक्षातून. ऑस्ट्रेलियात घरगुती पाळणाघरांची रीतसर व्यवस्था आहे. तिथे एका बाईला एका वेळी जास्तीत जास्त सात मुलं ठेवता येतात, त्यांतली शाळेच्या वयाखालची चारच, आणि या मोजणीत तिची स्वतःची लहान मुलंही येतात. आपल्याकडे संख्येची मर्यादा हवी असं सगळेच म्हणतात. मर्यादा घाला आणि फीही वाढवू नका, असं म्हणणारा मात्र त्या बाईला धंदा बंद करायला सांगतो आहे, एवढं त्यानं कबूल करावं.

काही जण शाळांचा दाखला देतात. गुजरातेत २०१७ मध्ये खाजगी शाळांच्या फीवर नियंत्रण आणणारा कायदा झाला, प्राथमिक शाळेने वर्षाला पंधरा हजारांपेक्षा जास्त घ्यायचे तर समितीपुढे कारण द्यायचं. तसंच पाळणाघरांना का नको? कारण शाळेत एका बाईपुढे चाळीस मुलं असतात आणि शाळा पाच-सहा तासांत सुटते. चाळिसांवर विभागलेला पगार आणि सातांवर विभागलेला पगार एकाच मापानं मोजता येत नाही.

आता पालकांची बाजू, आणि ती मी हलक्यात घेत नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पॅकिंगला जाणारी, अलकापुरीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेणारी, राजमहाल रोडच्या साडीच्या दुकानात उभी राहणारी मुलगी महिन्याला सोळा-अठरा हजार आणते. त्यातले साडेचार हजार पाळणाघराचे, दीड-दोन हजार रिक्षाचे. दुसरं मूल झालं की नोकरी सोडणं हाच शहाणपणा ठरतो. काकूंच्या तासाचे पंचावन्नचे शंभर करा म्हणणं सोपं आहे. मघाच्या वहीत ते बसवायचे तर प्रत्येक मुलामागे आणखी पावणेदोन हजार लागतात. ही मुलगी ते कुठून आणणार? एका मध्यमवर्गीय घरातली बाई दुसऱ्या मध्यमवर्गीय बाईला लुटते आहे, असं चित्र जे रंगवतात त्यांना दिसत नाही की दोघींच्याही पर्समध्ये जवळपास तेवढेच पैसे आहेत.

पण या हिशेबातही एक गोम आहे. ‘तिच्या पगारातून पाळणाघर गेलं की उरतं काय?’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता त्याचा राग येणंही बंद झालं आहे. फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, स्कूटरचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, आणि पाळणाघराची फी तेवढी आईच्या? मूल काय तिच्या माहेरून आलं आहे? दोघांचे मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार घरात येत असतील तर फी त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी होते, आणि मग नोकरी सोडण्याचा शहाणपणा तेवढा शहाणपणाचा राहत नाही. त्यात ज्या वर्षांत नोकरी सोडली त्या वर्षांचा प्रॉव्हिडंट फंड, बढती, परत कामाला लागताना खाली उतरलेला पगार, हे सगळं कोणी धरतच नाही. फी परवडत नाही म्हणणाऱ्या शंभर घरांत सगळीच घरं खोटं बोलतात असं नाही. काही घरांची वजाबाकीच चुकीच्या रकान्यात मांडलेली असते, एवढंच.

मायेचा तट मला जास्त अवघड वाटतो, कारण तो काकूंच्या बाजूनं बोलत काकूंचंच नुकसान करतो. या तटाचं आवडतं वाक्य, ‘आमच्या दांडियाबाजारच्या वाड्यात मुलं कधी मोठी झाली कळलंच नाही, कोणी पैसे मागितले?’ कळलं नाही, कारण ज्यांना कळत होतं त्यांना कोणी विचारत नव्हतं. वाड्यात एखादी नवरा गेलेली आत्या असायची. ती पहाटेपासून रात्रीपर्यंत घरातली सगळी पोरं नाहूमाखू घालायची, आणि त्या बदल्यात तिला दोन वेळचं जेवण आणि वर्षाकाठी दोन लुगडी मिळायची. नाही तर घरातली थोरली मुलगी असायची, तिची शाळा धाकट्याच्या पाळण्यापाशी सुटायची. हे फुकट नव्हतं, त्याची किंमत त्या दोघींनी भरली. ताराबाई मोडकांना हे नीट दिसलं होतं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे धडे गिरवून त्या पुढे बोर्डी-कोसबाडला गेल्या. तिथल्या आदिवासी मुली शाळेत येत नाहीत कारण कडेवर भावंड असतं, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. मुलगी शिकवायची तर तिच्या कडेवरचं मूल दुसऱ्या कोणीतरी, कामाचा मोबदला घेऊन, सांभाळलं पाहिजे, इतकी साधी गोष्ट.

‘तशीही घरातच असते’ हा याच तटाचा दुसरा अवतार. घरात असणं म्हणजे रिकामं असणं, हा समज न्यायालयांनीही कधीच सोडून दिला. जमशेदपूरला १९८९ मध्ये मांडवाला लागलेल्या आगीच्या प्रकरणात, लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये गृहिणीच्या घरकामाचं मोल महिन्याला तीन हजार रुपये धरलं. त्या काळाच्या मानानं तो आकडा लहान नव्हता. त्यातला विरोधाभास मात्र बोचतो: बाई गेल्यावर नुकसानभरपाईसाठी तिच्या कामाचे पैसे मोजता येतात, ती समोर बसून दुसऱ्याच्या मुलाला वरणभात भरवत असताना मात्र मोजले की ती मायेचा बाजार मांडते. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ९७, असं दिसलं. ही पाच तासांची बिनपगारी नोकरी करून काकू वर दहा तासांचं पाळणाघर चालवतात. आठ मुलांचं जेवण झाल्यावर त्या आपल्या घरच्यांच्या पोळ्या लाटायला घेतात.

आणि माया असतेच, ती मी नाकारत नाही. रडणारं मूल कडेवर घेऊन गॅलरीत फिरवताना काकू घड्याळ पाहत नाहीत. पण मायेवर चालणाऱ्या कामाला पगार देऊ नये हा नियम मग डॉक्टरलाही लावा, शिक्षकालाही लावा. लावत नाही. तो फक्त त्याच कामांना लागतो जी पूर्वी घरातल्या बायका फुकट करत होत्या.

आता तिसऱ्या खिशाकडे येते. काकूंना जास्त मिळायला हवं, पालकांकडे जास्त नाही, मुलं वाढवायची नाहीत. या तीन अटी मान्य केल्या की बाहेरून पैसा आणल्याशिवाय गणित सुटतच नाही. यात नवीन काय आहे? मूल शिकवणं हाही एके काळी घरचा खर्च होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या बडोदे संस्थानात नेलं. शेतकऱ्यानं विचारलं असेलच की माझ्या पोरानं ढोरं राखायची सोडून तुमच्या शाळेत का यावं आणि त्याचा खर्च कोणी करावा. उत्तर होतं, खजिना करील. सहा वर्षांच्या मुलासाठी ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या शहरात मान्य झाली. दोन वर्षांच्या मुलासाठी आजही तो आईबापाचा खाजगी प्रश्न.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली, गावोगाव अंगणवाडी झाली. पण अंगणवाडी काही तासांत मिटते, लॅबमधल्या मुलीची ड्यूटी सहाला सुटते. आणि सरकारनं स्वतः या कामाचा भाव काय ठेवला? अंगणवाडी सेविका ‘मानद’, तिला केंद्रानं ठरवलेलं मानधन २०१८ पासून साडेचार हजार, वर राज्य काय घालील ते. या सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते हे ठरायला आपल्या शेजारच्या दाहोदच्या सेविकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल लागला एप्रिल २०२२ मध्ये. केंद्र सरकारच मुलं सांभाळणारीला महिन्याला चार आकड्यांत मोजतं म्हटल्यावर सोसायटीच्या सभेत काकूंचे पंधरा हजार जास्त वाटले तर नवल काय?

बाहेरचे दाखले देताना सावध राहायला हवं. कॅनडाच्या क्युबेक प्रांतानं १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर अशी फी पालकांसाठी बांधून दिली, घरगुती पाळणाघरंही त्यात घेतली आणि वरचे पैसे सरकारनं दिले. आया कामावर परतल्या, योजना गाजली. पण ज्या बाया घरी मुलं सांभाळत होत्या त्यांना सरकारनं २००३ मध्ये कायदा करून स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं, म्हणजे संघटनेचा हक्क गेला. तो कायदा २००८ मध्ये न्यायालयात पडला, मग त्यांना वाटाघाटीचा अधिकार देणारा नवा कायदा आला. तिसरा खिसा आला की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणत नाही. खिसा उघडणारा भावही ठरवू पाहतो, त्याच्याशीही भांडावं लागतं. पण ते भांडण तोलामोलाच्या माणसाशी असतं, सोळा हजार कमावणाऱ्या मुलीशी नसतं.

सरकारची वाट पाहायची नसेल तर आणखी एक खिसा मकरपुऱ्यातच आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची झाली. तो कायदा म्हणायचा, स्वतंत्र किंवा सामायिक. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही अनेक आस्थापनांनी मिळून पाळणाघर करण्याची वाट ठेवलेली आहे. पण होतं काय, तर बरेच मालक कोपऱ्यातल्या एका खोलीला कुलूप लावून दारावर पाटी ठोकतात. रसायनांच्या वासात, मशीनच्या आवाजात कोणती आई मूल आणील? त्याऐवजी पाच-सहा कारखान्यांनी मिळून मांजलपूर-मकरपुऱ्यातल्या वीस काकूंशी करार करावा, कामगार मुलीनं घराजवळची निवडावी, फी सहा हजार ठरावी, त्यातले चार कारखान्यानं परस्पर काकूंना द्यावेत आणि दोन आईबापानं. ठरावीक संख्येच्या वर कामगार असले की कारखान्याला कँटीन काढावीच लागते, तिथली थाळी बाजारापेक्षा स्वस्त मिळते, आणि कामगाराचं जेवण हा त्याचा खाजगी प्रश्न आहे असं आता कोणी म्हणत नाही.

या योजनेत अडतं ते पावतीपाशी. कारखाना पैसे देईल तर पावती मागणार, नाव-पत्ता मागणार, मुलं किती ते विचारणार. आणि काकू पावतीला घाबरतात. आयकराची त्यांची भीती बिनबुडाची आहे: खर्च वजा जाता वर्षाला दोन लाखांच्या आत राहणाऱ्या उत्पन्नावर आयकर लागतच नाही, हे मी प्रत्येकीला समजावून सांगते. पण दुसरी भीती खरी आहे. एकदा कागदावर ‘व्यवसाय’ आला की वीज कंपनी घरगुती मीटर काढून व्यापारी दर लावील, महापालिका घरवेरा, म्हणजे घरपट्टी, बिगर-राहत्या दरानं आकारील, सोसायटी दुप्पट मेंटेनन्स मागील. मघाचे पंधरा हजार तिथेच दहावर येतील. तेव्हा आधी महापालिकेनं आणि वीज कंपनीनं एवढं लिहून द्यावं, की सात मुलांपर्यंतचं पाळणाघर हे राहतं घरच धरलं जाईल, आणि त्या बदल्यात वॉर्ड ऑफिसात नाव नोंदवावं, वर्षातून एकदा कोणीतरी येऊन खोली, संडास आणि मुलांची संख्या पाहून जावं. आठवं मूल दिसलं तर सवलत बंद. यावर एक परिपत्रक काढायला कुठल्या खात्याचा किती खर्च येतो ते मला माहीत नाही. पावतीपुस्तक दीडशे रुपयांत छापून मिळतं, ते मी करून देईन.